रँक विद्यापीठाला, शिकायचं विभागात

प्रश्न : मी डिचोलीची. बीएस्सी केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. एमएस्सी करायचं हे नक्की, पण कुठे करायचं यावरून घरात रोज वाद. पप्पा म्हणतात, गोवा विद्यापीठ जवळ आहे, फी परवडते, उगाच बाहेर कशाला? खाणी बंद पडल्या तेव्हापासून आमचे ट्रक दारात उभे होते, त्यातला एक विकला. त्यामुळे पैशांच्या बाबतीत मला फार ताणता येत नाही. मामा कोथरूडला असतात. त्यांच्या मते पुणे विद्यापीठाच्या नावाला जी किंमत आहे ती गोव्याच्या नावाला नाही. त्यांच्या घराजवळच्या कॉलेजात एमएस्सी आहे आणि डिग्री पुणे विद्यापीठाचीच मिळते. तिसरं एक खाजगी विद्यापीठ आहे, परराज्यातलं. त्यांचा काउन्सेलर दिवसाआड फोन करून ‘आम्ही देशात पहिल्या पन्नासात’ असं ऐकवतो. मी रँकिंगच्या सगळ्या याद्या चाळल्या, प्रत्येकीत क्रम वेगळाच. खरं सांगू का, पणजीत रात्री आठनंतर सगळं सामसूम होतं आणि मला एकदा तरी मोठ्या शहरात राहून बघायचंय. पण हे कारण घरी सांगण्यासारखं नाही. काय करू?
— एक विद्यार्थिनी, डिचोली

उत्तर :

बाय, आधी निकाल सांगते, कारणं मागाहून. ‘पुणे’ म्हणजे गणेशखिंडीतल्या विद्यापीठाच्या आवारातला केमिस्ट्री विभाग असेल आणि तिथे तुझा नंबर लागत असेल, तर जा. पैशांचं कसं जमवायचं ते पुढे लिहिते. ‘पुणे’ म्हणजे मामांच्या घराजवळचं कॉलेज असेल, तर ताळगावच्या पठारावरच, म्हणजे गोवा विद्यापीठातच, ॲडमिशन घे. मात्र डिचोलीहून ये-जा करू नकोस, हॉस्टेलला राहा. आणि तिसऱ्या विद्यापीठाचा फोन उचलणं बंद कर.

आता मामांचं वाक्य घेऊ, कारण घरात सगळ्यात जास्त वजन त्यालाच असणार. ‘डिग्री पुणे विद्यापीठाचीच’ यात खोटं काही नाही. पण सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ १९४९ साली सुरू झालं आणि त्याचं नाव झालं ते गणेशखिंडीच्या आवारातल्या विभागांमुळे, तिथल्या प्राध्यापकांमुळे, जयकर ग्रंथालयामुळे. त्याच विद्यापीठाला पुणे, नगर आणि नाशिक या जिल्ह्यांतली शेकडो कॉलेजं संलग्न आहेत. गुणपत्रिकेवरचा शिक्का सगळ्यांना एकच मिळतो. प्रयोगशाळा, शिकवणारी माणसं, बाजूच्या बाकावरची मुलं ही मात्र ज्याची त्याची. एनआयआरएफ या सरकारी रँकिंगच्या ‘विद्यापीठ’ यादीत जो क्रमांक येतो तो विद्यापीठाच्या स्वतःच्या आवाराचा असतो. कॉलेजांची यादी वेगळी निघते आणि जी कॉलेजं माहिती भरून पाठवतात तीच तिच्यात असतात. म्हणजे मामा ज्या रँकचा दाखला देतात ती त्यांच्या घराजवळच्या कॉलेजची नाहीच. पुण्यात विभागाच्या तोडीची जुनी, चांगली कॉलेजंही आहेत. मामांचं त्यातलं असेल तर खाली सांगते त्या चौकशीत ते दिसून येईलच.

गोवा विद्यापीठाचं नाव लहान वाटतं, यालाही थोडा इतिहास आहे. १९८५ पर्यंत गोव्याला स्वतःचं विद्यापीठच नव्हतं. मिरामारचं धेंपे आणि मडगावचं चौगुले ही कॉलेजं १९६२ मध्ये सुरू झाली, पण पदवी मिळायची मुंबई विद्यापीठाची. त्याआधी पोर्तुगीज अमदानीत ज्यांना आपल्या भाषेत किंवा इंग्रजीत शिकायचं होतं ते बेळगाव, धारवाड, पुणे, मुंबई गाठायचे. साखवाळचे धर्मानंद कोसंबी १८९९ मध्ये घर सोडून निघाले ते पुण्याला. शिकायचं ते बाहेर जाऊन, असं आपल्याकडे चार पिढ्यांच्या डोक्यात बसलंय आणि पिकतं तिथे विकत नाही हे तर आहेच. पण कोसंबी शहराचं नाव ऐकून गेले नव्हते. त्यांना संस्कृत शिकायचं होतं, पुढे बौद्ध धर्म समजून घ्यायचा होता. जे हवं ते पुण्यात मिळेना, तेव्हा ते काशीला गेले, नेपाळला गेले, थेट सिलोनलाही गेले.

नावाबद्दल विचारायचा प्रश्न एवढाच : हे नाव कोणाच्या कानावर पडणार आहे? वेर्णा, कुंडई, पिळर्णच्या औषध कंपन्यांत इंटरव्ह्यू घेणारा माणूस गोवा विद्यापीठाच्या मुलांना वर्षानुवर्षं बघत आलाय. बऱ्याचदा तो स्वतःच तिथला असतो. त्याच्यासमोर पुण्याच्या शिक्क्याचं विशेष कौतुक होणार नाही. हैदराबादच्या किंवा नवी मुंबईच्या कंपनीत पुणे हे नाव जास्त ओळखीचं. आणि पीएचडीला जायचं असेल तर दोन्ही नावांआधी तुझा सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा निकाल बघतात. एमएस्सीला ५५ टक्के आणि नेटमधून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची कनिष्ठ फेलोशिप, मिळाली, की महिन्याला ३७ हजार रुपये फेलोशिप तुझ्यासोबत येते आणि मग प्रयोगशाळाच तुला विचारतात, येतेस का म्हणून. एमएस्सीनंतर तुला काय करायचंय हे तुझ्या पत्रात कुठेच नाही. तीन विद्यापीठं आहेत, पप्पा आहेत, मामा आहेत, काउन्सेलर आहे. कंपनीत क्वालिटी कंट्रोलला जायचंय, संशोधन करायचंय, की हायर सेकंडरीला शिकवायचंय? शिकवायचं असेल तर एमएस्सीवर बीएड लागेल, आणि मग या तिन्हींतला फरक आणखीच कमी होईल. हे आधी ठरव. पक्कं नसलं तरी चालेल, पण कल कुठे आहे ते कागदावर येऊ दे.

आता याद्या. प्रत्येक यादीत क्रम वेगळा का, याचं उत्तर सोपं आहे : प्रत्येक यादी वेगळंच काहीतरी मोजते. केंद्र सरकारच्या एनआयआरएफची पहिली यादी २०१६ मध्ये आली. आता त्यांच्या मोजणीत विद्यापीठांसाठी शंभरपैकी ३० गुण अध्यापन आणि साधनसुविधांना, ३० संशोधनाला, २० विद्यार्थ्यांच्या निकालाला आणि पुढच्या वाटचालीला, १० सर्वसमावेशकतेला आणि उरलेले १० लोकांच्या मनातल्या प्रतिमेला. शेवटच्या दहा गुणांसाठी इतर प्राध्यापक आणि नोकरी देणारे यांचं मत घेतात. क्यूएस या परदेशी संस्थेच्या यादीत तर प्राध्यापकांच्या मताला ३० टक्के आणि कंपन्यांच्या मताला १५ टक्के वजन आहे. म्हणजे जवळपास निम्मी रँक ही ‘तुम्ही याचं नाव ऐकलंय का’ या प्रश्नाच्या उत्तरावर. जुनं आणि मोठ्या शहरातलं विद्यापीठ तिथे पुढे जाणारच. तू नाव आणि रँक अशी दोन वेगळी कारणं लिहिलीस ना? त्यातलं अर्धं एकच आहे, दोनदा मोजलेलं.

तुझ्यासाठी सगळ्यात कामाची गोष्ट मात्र वेगळी आहे. एनआयआरएफमध्ये इंजिनिअरिंग, मॅनेजमेंट, फार्मसी, मेडिकल, लॉ, आर्किटेक्चर अशा वेगवेगळ्या याद्या असतात. केमिस्ट्रीची यादीच नसते. फिजिक्सची नाही, गणिताचीही नाही. त्यामुळे काउन्सेलर जेव्हा ‘पहिल्या पन्नासात’ म्हणतो, तेव्हा त्याला विचार : कुठल्या यादीत आणि कुठल्या वर्षी? फार्मसीच्या यादीतला क्रमांक एमएस्सीच्या माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरांत छापायला कोणाची बंदी नाही. तीन वर्षांपूर्वीचा क्रमांक आजच्या बॅनरवर ठेवायलाही नाही. नॅक, म्हणजे संस्थांचं मूल्यांकन करणारी परिषद, तिच्या श्रेणीचंही तेच. ती ठरावीक मुदतीसाठी असते आणि अख्ख्या संस्थेची असते, तुझ्या विभागाची नव्हे.

शिवाय यादीच्या मधल्या भागात क्रमांकांना फारसा अर्थ नसतो. पहिल्या पाच-दहा संस्थांत आणि बाकीच्यांत खरंच दरी आहे. पण पन्नासावा आणि ऐंशीवा यांच्यात शंभरपैकी थोड्याच गुणांचा फरक असतो. एका वर्षी चार प्राध्यापक निवृत्त झाले आणि जागा भरल्या नाहीत, एवढ्यानेही संस्था वीस पायऱ्या खाली येऊ शकते. शंभराच्या पुढे तर एनआयआरएफ स्वतःच नेमका क्रमांक देत नाही, १०१ ते १५० असे गट करते. त्यांनाच ज्याची खात्री नाही, त्यावरून तुझ्या घरात भांडण कशाला?

तरी एनआयआरएफच्या संकेतस्थळावर एक गोष्ट बघण्यासारखी आहे. प्रत्येक संस्थेने रँकिंगसाठी भरून दिलेली माहिती तिथे पीडीएफमध्ये ठेवलेली असते. ती उघड. किती मुलांनी प्रवेश घेतला, किती वेळेत पास झाली, किती जणांना नोकरी लागली, किती पुढे शिकायला गेली आणि नोकरी लागलेल्यांचा मध्यक पगार किती, असे रकाने वर्षवार सापडतील. मध्यक म्हणजे अर्ध्यांना त्याहून जास्त, अर्ध्यांना कमी. जाहिरातीतलं ‘हायेस्ट पॅकेज’ एकाच मुलाचं असतं, त्यापेक्षा हा आकडा बरा. पण भुलू नकोस. दोन वर्षांचे सगळे पदव्युत्तर अभ्यासक्रम तिथे एकाच ओळीत असतात. एमबीए, एमसीए, एमए, एमएस्सी सगळ्यांचा मिळून एक पगार. ज्या विद्यापीठात एमबीएची मुलं भरपूर, तिथला आकडा फुगलेला दिसणार आणि केमिस्ट्रीच्या मुलींना त्यातलं किती मिळालं हे कळायला मार्ग नाही. ही माहिती संस्थेने स्वतः भरलेली असते, हेही ध्यानात ठेव.

मग विभाग कसा पारखायचा? जाऊन. ताळगावला जाणं तुला अवघड नाही. पुण्यालाही एक फेरी मार, मामांचं घर आहेच. पहिली गोष्ट, विभागाच्या पानावरची प्राध्यापकांची यादी काढ आणि त्यातले कायम किती आणि लेक्चर बेसिसवर, म्हणजे तासांप्रमाणे मानधनावर, किती, हे एखाद्या सीनियरला विचार. लेक्चर बेसिसवरचे शिक्षक वाईट शिकवतात असं अजिबात नाही. काही तर फार जीव तोडून शिकवतात. पण जूनमध्ये असलेला शिक्षक जानेवारीत असेलच असं नसतं, आणि तुझा वर्षभराचा प्रोजेक्ट त्यांच्याकडे असला तर तुझे हाल. दुसरं, मागच्या दोन बॅचच्या डेझर्टेशनचे, म्हणजे त्या प्रोजेक्टच्या प्रबंधांचे, विषय आणि ती कुठे केली ते बघ. ताळगावच्या मुलांना दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था अगदी जवळ आहे. ती १९६६ मध्ये स्थापन झाली आणि समुद्राच्या पाण्याच्या रसायनशास्त्रावर तिथे काम चालतं. वास्कोला हेडलँड सड्यावर ध्रुवीय संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे. पुण्यात पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, म्हणजे एनसीएल, १९५० पासून, आणि बाजूलाच आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधनाची राष्ट्रीय संस्था. केमिस्ट्रीसाठी पाषाणचं पारडं जड आहे हे मान्य करायला हवं. पण त्या दारात पुण्यातल्या सगळ्या कॉलेजांची आणि बाहेरगावचीही मुलं उभी असतात. तुझ्या विभागातून दरवर्षी दोघी-तिघी तरी आत जातात का, हे विचार. जवळ असणं वेगळं आणि आत जाता येणं वेगळं.

तिसरी चौकशी सगळ्यात महत्त्वाची आणि ती कुठल्याच यादीत नसते. इन्स्ट्रुमेंट रूममध्ये जा. एचपीएलसी, यूव्ही, आयआर, जमलं तर एनएमआर, ही नमुने तपासायची मशीनं बघ. काचेच्या दाराआड मशीन दिसेल, वर प्लास्टिकचं कव्हर असेल. ते कव्हर शेवटचं कधी काढलं, हा प्रश्न. मशीन बंद असून मेंटेनन्सचा करार संपलाय, दुरुस्तीची फाईल वर गेलीय, असं अनेक ठिकाणी ऐकायला मिळतं. चालू असलं तर शेजारी लॉगबुक असतं, त्यात तारीख, नमुना आणि वापरणाऱ्याचं नाव. त्यात एमएस्सीच्या मुलांची नावं आहेत, की फक्त पीएचडीवाल्यांची? एमएस्सीच्या मुलांना लांबून दाखवून ‘हे असं चालतं’ सांगणारे विभाग आहेत आणि मुलांच्या हातात सिरिंज देणारेही आहेत. वेर्ण्याच्या कंपनीत तुला विचारतील, एचपीएलसीच्या आलेखाची तळरेषा, म्हणजे बेसलाइन, हलायला लागली तर काय करशील? जिने मशीनमधून सोडायचं द्रावण, म्हणजे मोबाइल फेज, स्वतःच्या हाताने बनवलीय, ती गाळून, हवा काढून घ्यायला एकदा विसरलीय आणि त्यापायी अख्खी दुपार घालवलीय, ती या प्रश्नाला अडखळत नाही. हा अनुभव जिथे मिळेल ते तुझ्यासाठी चांगलं विद्यापीठ.

सीनियरना भेटशील तेव्हा ‘कॉलेज कसं आहे’ असं मोघम विचारू नकोस. ‘चांगलं आहे’ हेच उत्तर मिळतं. प्रॅक्टिकलला एका सेटवर किती जण असता? ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडं असतं? गाईड आठवड्यातून किती वेळा भेटतात? मागच्या वर्षीच्या वर्गातली मुलं आज कुठे आहेत, पाच जणांची नावं घेऊन सांग. एवढ्यावर खरं चित्र उभं राहतं.

आता शहर. हे कारण घरी सांगण्यासारखं नाही असं तू लिहितेस. मला तर ते तुझ्या सगळ्या कारणांतलं सरळ कारण वाटलं. विसाव्या-एकविसाव्या वर्षी मोठ्या शहरात राहावंसं वाटणं यात लपवण्यासारखं काय आहे? डिचोलीच्या बाजारात पाच मिनिटं उभी राहिलीस तर दोघं तरी ‘तूं कोणाची गो?’ म्हणून विचारणार. पुण्यात कोणी विचारत नाही. आपण कोणाची मुलगी, कोणाची भाची हे सोडून दोन वर्षं नुसतं आपलं आपण असणं, हेही एक शिक्षण आहे आणि त्यासाठी शहर निवडणारे पुष्कळ असतात. क्यूएस विद्यार्थ्यांसाठीच्या चांगल्या शहरांचीही वेगळी क्रमवारी काढते. अडीच लाखांहून जास्त वस्ती हवी अशी तिची अट आहे. २०११ च्या जनगणनेत पणजी शहराची वस्ती चाळीस हजारांच्या आसपास होती. तेव्हा त्या यादीत पणजीचं नाव शोधण्यात अर्थ नाही.

पण शहर म्हणून जे तुझ्या डोळ्यांसमोर आहे ते पुणं आणि विद्यार्थिनीच्या वाट्याला येतं ते पुणं यांत फरक पडतो. आवारातल्या हॉस्टेलला नंबर नाही लागला तर बाहेर ‘कॉट बेसिस’. एका खोलीत तीन कॉट, दोन कपाटं, गॅलरीत कपडे वाळत घालायच्या दोरीची वाटणी, सकाळी बाथरूमची पाळी. करार अकरा महिन्यांचा, त्यामुळे मे महिन्यात तू डिचोलीला असलीस तरी भाडं चालू. वर डिपॉझिट, मधला माणूस असेल तर त्याची दलाली. मेसचा डबा, आणि रविवारी संध्याकाळी मेस बंद. मालकीणबाईंची रात्रीची वेळ ठरलेली, म्हणजे तुला नको असलेली सामसूम तिथेही दाराला कडी लावून येते. पावसाळ्यात सिंहगड रोडवरून विद्यापीठापर्यंत बसने जाऊन बघ एकदा. हे सगळं मुली करतात, हसत करतात आणि पुढे आयुष्यभर त्याच्या गोष्टी सांगतात. मी भीती घालत नाही. फक्त हिशेबात धर. तुझ्या मनात मामांकडे राहायचं असेल, तर मग शहराचं कारण यादीतून खोडून टाक. मामांकडे राहणं म्हणजे डिचोलीच, फक्त ट्रॅफिक जास्त.

दुसऱ्या बाजूने, पणजीबद्दल तू थोडी कठोर आहेस. कारण तू पणजी बघितलीस ती डिचोलीची शेवटची बस धरायच्या घाईत. पाटोवर कृष्णदास शामा ग्रंथालय आहे, १८३२ साली सुरू झालेलं, देशातल्या सगळ्यात जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक. २००४ पासून इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव गोव्यात भरतो, बहुतेकदा नोव्हेंबरात, आणि डिसेंबरमध्ये सेरेंडिपिटी हा कला महोत्सव. कला अकादमीत नाटकं. हे सगळं संध्याकाळी असतं आणि तुझी बस त्याआधी सुटते. ये-जा करणाऱ्या मुलीसाठी विद्यापीठ म्हणजे वर्ग, प्रॅक्टिकल आणि बसस्टँड. सकाळी डिचोलीहून पणजी, स्टँडवर उतरून पठारावरची बस, पाच-साडेपाचला लॅब सुटली की उलटा प्रवास, जुलैत भिजलेली छत्री आणि मांडीवर जर्नल. रोजचे अडीच-तीन तास यातच जातात. मग कुठे राहणार संध्याकाळी थांबून गाईडशी बोलणं, कुठे मैत्रिणींबरोबर रात्री नेटची तयारी? घर सोडणं आणि गोवा सोडणं या दोन गोष्टी तू एकच समजून चालली आहेस. ताळगावच्या हॉस्टेलला राहिलीस तर अर्धी गोष्ट साधते. पठारावर शहर नाही हे खरं. वारा आहे, समोर जुवारी आहे आणि पणजीला उतरायचं तर कोणाची तरी स्कूटर लागते. पण गोव्यात स्कूटरवाली मैत्रीण मिळायला किती वेळ लागतो?

पैशांविषयी. ट्रक विकलेल्या घरात ‘परवडेल ना?’ असा प्रश्न नुसता हवेत ठेवू नये. एक कागद घे आणि दोन वर्षांचा पूर्ण खर्च मांड : फी, परीक्षा फी, राहणं अकरा अधिक अकरा महिने, डिपॉझिट, जेवण, केमिकल आणि जर्नलचा किरकोळ खर्च, आणि घरी येण्याजाण्याचं भाडं. वास्कोहून सुटणारी गोवा एक्सप्रेस पुण्यावरून जाते, ती रात्रीच्या खाजगी बसपेक्षा स्वस्त. गणेश चवथीच्या दिवसांत मात्र दोन्हीकडे मारामारी असते, तेव्हाचं तिकीट आधी काढावं लागतं. मग गोवा शिक्षण विकास महामंडळाची व्याजमुक्त शैक्षणिक कर्जाची योजना आहे तिची चौकशी कर. अभ्यासक्रम, उत्पन्न आणि परतफेडीच्या अटी त्यांच्या कार्यालयातूनच समजून घे, कोणाच्या सांगण्यावर जाऊ नकोस. गणेशखिंडीच्या विभागासाठी हे कर्ज घेणं मला पटतं. सरकारी विद्यापीठाची फी तशी आवाक्यातली असते, कर्ज होतं ते मुख्यतः राहण्या-जेवणाचं. खाजगी विद्यापीठात फीच इतकी असते की कर्ज फेडण्यासाठी तुला मिळेल ती पहिली नोकरी पकडावी लागेल आणि मग पीएचडी, नेट सगळं बाजूला. त्यांच्या रँकचं तेज तेवढ्यापुरतंच.

पप्पांशी बोलताना रँकच्या आडून बोलू नकोस. तू रँक पुढे केलीस की ते फी पुढे करणार, मग मामा नाव पुढे करणार आणि आई स्वयंपाकघरात भांडी आपटणार. त्यापेक्षा तो खर्चाचा कागद समोर ठेवून सांग, की पप्पा, मला दोन वर्षं घराबाहेर राहून शिकायचंय. पुण्याच्या विभागात नंबर लागला तर तिथे, इतका खर्च आहे, इतकं कर्ज मी नोकरी लागल्यावर फेडेन. नाही लागला तर ताळगावला, हॉस्टेलमध्ये. कॉलेजसाठी पुण्याला जाणार नाही. तू स्वतःहून एक पर्याय सोडलास, हे पप्पांच्या लक्षात आल्याशिवाय राहणार नाही. ट्रक चालवलेल्या माणसाला डिझेलचा हिशेब कळतो. त्यांना रँक कळत नसेल, पण आकडे मांडून आलेली मुलगी नक्की कळते.

क्रम असा ठेव. गोवा विद्यापीठाचा अर्ज आणि प्रवेश परीक्षा चुकवू नकोस. पुण्याच्या विभागाची प्रवेश परीक्षा वेगळी असते, तिचा अर्ज साधारण परीक्षेच्या धामधुमीतच निघतो, म्हणून आतापासून त्यांच्या संकेतस्थळावर नजर ठेव. ताळगावला आधी नंबर लागला तर प्रवेश घेऊन टाक. नंतर पुण्याचं जमलं तर रद्द करता येतो. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे, प्रवेशाच्या जाहीर झालेल्या शेवटच्या तारखेच्या पंधरा दिवस आधी रद्द केला तर प्रक्रियेचा किरकोळ खर्च वजा जाता पूर्ण फी परत मिळते, त्यानंतर दिवसांप्रमाणे कमी कमी होत जाते आणि त्या तारखेनंतर महिना उलटला की काहीच नाही. मधल्या वर्षांत काही प्रवेशांसाठी मुदती बदलल्याही आहेत, म्हणून यंदाचं परिपत्रक वाचूनच पाऊल टाक. कुठलीही संस्था तुझी मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवू शकत नाही, पडताळून लगेच परत द्यायची असतात. काउन्सेलर ‘सीट ब्लॉक करायला ओरिजिनल मार्कशीट जमा करा’ म्हणाला, तर त्याला हाच नियम दाखव.

आणि ताळगावच्या हॉस्टेलचा अर्ज कधी निघतो, डिचोलीच्या अंतराला जागा मिळते का, हे प्रवेशाची वाट न बघता याच आठवड्यात विचारून घे. वर्ग सुरू झाल्यावर विचारायला गेलीस तर खोल्या संपलेल्या असतील आणि पुन्हा कदंबा बसचा पास काढावा लागेल.